सुऱ्यास, लक्ष्मीपुरीहून

कोल्हापूर
आषाढ, भर पावसात

प्रिय सुऱ्या,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

दिवाळीच्या फराळाची पोच दिली नाही, वहिनींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा साधी चौकशी केली नाही, आणि आता काम निघालं म्हणून लिहितोय, असं तू म्हणणार. म्हण. इकडं सगळं ठीक. माझी शुगर आहे तिथंच आहे, हिचं पित्त आहे तिथंच आहे. आईला ऐकू कमी येतं, पण तिला पाहिजे तेवढं येतं. राजाराम बंधारा पाण्याखाली गेला की तुझा हमखास फोन यायचा, यंदा तोही आला नाही. तेव्हा फिटंफाट.

काम असं आहे. आमची सई कनौजला जायचं म्हणते. अत्तर शिकायला.

इथं ज्याला सांगितलं तो आधी हसला आणि मग म्हणाला, लग्नाचं बघा. तुझ्या तात्यांची गुळाची अडत टाकून रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस पकडणारा माझ्या माहितीत तू एकटाच, म्हणून हे रामायण तुझ्या माथी.

परवानगी मागायची तिची पद्धत बघ. शिकवण्यांच्या पैशातून माझ्या वाढदिवसाला सेंटची बाटली आणली. स्पाइसबॉम्ब. आकार थेट हातबॉम्बचा, वर ओढायची पिन. हमालांत दिवसभर चर्चा, शेठनी गल्ल्यात बॉम्ब ठेवलाय. मला म्हणाली, "बाबा, पावसाळाभर रोज लावा आणि मग गिऱ्हाइकाला सांगता तसं खरं सांगा. यात आपल्याच दुकानातला माल आहे." मिरची, केशर, मिरी, वाळा. म्हणजे मी सेंटला भारी म्हणालो की कनौजलाही हो म्हणाल्यासारखं. पोरगी माझ्या आण्णांच्या वळणावर गेलीय. तेही सौदा असाच करायचे, दर शेवटी सांगायचे.

हे काढलंय व्हिक्टर आणि रॉल्फ नावाच्या दोन डच फॅशनवाल्यांनी, २०१२ साली. डच म्हटल्यावर मला वेंगुर्ल्याची वखार आठवली. कॉलेजच्या सहलीत तिथल्या पडक्या भिंतीवर चढून तू भाषण ठोकलं होतंस आणि सरांनी तुला बसमध्ये उभं ठेवलं होतं. याच लोकांच्या कंपनीनं १६२१ साली जायफळासाठी बांदा बेटांवरची माणसं कापली, लवंगेचा भाव पडू नये म्हणून दुसऱ्यांच्या बेटांवरची झाडं तोडली. आता त्यांचीच नातवंडं-पतवंडं मसाला बाटलीत भरून आम्हालाच विकतात, आणि आमची पोरगी शिकवण्या घेऊन तो विकत आणते. धंदा असावा तर असा.

आता वासाचं सांगतो. तू शेवटपर्यंत ऐकणार नाहीस, पण मला दुसऱ्या कुणाला सांगता येत नाही.

पहिला झोत लिंबाच्या जातीचा. बर्गमॉट, ग्रेपफ्रूट, आणि त्याच्या पाठीवर गुलाबी मिरी. ही गुलाबी मिरी मुळात मिरीच नाही, मर्दा. दक्षिण अमेरिकेतल्या झाडाचं फळ, कूळ आंब्या-काजूचं, आपल्या मिरीच्या वेलाशी नात्यानं काडीचा संबंध नाही. असला माल मिरी म्हणून आमच्या गल्लीत कुणी विकला तर त्याचं पोतं चौकात ओतू. पण वास झकास. ताजी मिरी तळहातावर चुरडल्यावर जो लाकडी, हिरवट वास येतो, तो आहे.

मग मिरची. खोक्याच्या वर्णनात मिरची वाचून मी पहिल्या दिवशी श्वास रोखूनच फवारा मारला. चटणीच्या सीझनला मिरची कुटायच्या डंकावर काय होतं ते तुला माहीत आहे. ठसका नाही, नाकाला झोंबणं नाही, काही नाही. म्हटलं, फसवणूक. तर सईनं शिकवलं, की मिरचीचा जाळ ज्या कॅप्सायसिनचा असतो ते हवेत उडतच नाही. डंकावर आपण खोकतो ते उडालेल्या पुडीनं आणि भाजताना धुरानं. मिरीतल्या पायपरिनचंही तेच. जे उडत नाही त्याचा वास येत नाही, म्हणजे तिखट सेंट ही वस्तू होऊच शकत नाही. उरते ती मिरचीची बाकीची अंगं. मग डोळे मिटून पुन्हा हुंगलं, तर ब्याडगीचे देठ खुडताना येतो तो वाळका, गोडसर, किंचित धुळकट वास खरंच होता. इतकी वर्षं मी ब्याडगी फक्त रंगासाठी उचलत आलो. तिला स्वतःचा वास आहे हे मला पोरीनं सांगावं.

तासाभरानं दालचिनी वर येते. चांगली आहे, पण हात आखडून घातलेली. सई म्हणते, दालचिनीतलं मुख्य द्रव्य कातडीला चावतं, म्हणून किती घालायचं यावर त्यांच्या धंद्यात मर्यादा आहेत. लवंगेच्या युजेनॉलचंही तसंच, युरोपात ही नावं खोक्यावर छापावी लागतात. मी भिंग घेऊन खोकं वाचत बसलो तेव्हा ही म्हणाली, "औषध आहे काय?"

आणि मग येतं ते माझं भांडण. तळाला तंबाखू, चामडं आणि वाळा. तंबाखू म्हटलं की आपल्याला निपाणी. ही ती नव्हे. ही मधात घोळवलेली, गवतावर वाळवलेली, साहेबांच्या पाइपातली. चामडंही चप्पल लाइनमधलं नाही. तिथं हिरड्या-बाभळीत कमावलेलं कातडं असतं, त्याचा आंबूस वास इथं कुठंच नाही. इथलं चामडं गाडीच्या नव्या सीटचं. हेही मी चालवून घेतलं असतं. पण वाळा! आपण माठात टाकतो तो वाळा, मातीसारखा थंड. तो तळाला नुसता बसून राहतो. गोडवा त्याला बोलूच देत नाही. दुपारनंतर अंगावर राहतो तो गोडच वास, आणि गोड वास पुरुषाच्या अंगाला नको वाटतो मला. तू ओल्ड स्पाइसवाला, तुला पटेल. (ओल्ड स्पाइस १९३८ सालचं आहे, माहीत आहे? आण्णांच्याही लग्नाआधीचं. आणि माझ्या बाटलीत पाणी घालून तू ती सेमिस्टरभर पुरवलीस, हे मी विसरलेलो नाही.)

लावून कुठं गेलं की काय होतं, तीही एक गंमत. दुकानात कुणाला पत्ता लागत नाही. दगडफूल, जायपत्री, हिंग यांच्या गर्दीत हा बॉम्ब फुसका. एका गिऱ्हाइकानं तेवढं विचारलं, "शेठ, गरम मसाल्याला नवीन काय घातलंय?" पण वकिलाच्या ऑफिसात गेलो तर टायपिस्टपासून सगळ्यांच्या माना वळल्या. त्र्यंबोलीच्या जत्रेला पी ढबाकच्या वाजंत्र्यांमागं भिजत चाललो होतो, तेव्हा मला स्वतःलाच तो सगळ्यात आवडला. ओल्या हवेत, गार अंगावर, मसाला हळूहळू उठतो. वैशाखात हाच लावला असता तर लोक लांब बसले असते. जेवायला आत्याकडं गेलो. तांबड्या रश्श्याची वाटी हातात आणि आत्या म्हणते, "कुणी रं मसाला पान खाऊन आलंय जेवायच्या आधी?" सगळी पंगत हसली. सई हसली नाही. तिनं वहीत लिहून घेतलं.

हो, वही आहे. कुठं गेलो, पाऊस होता का, कुणी काय म्हटलं, कितव्या तासाला काय उरलं. तिनं सांगितलं, आपलं नाक आपल्या वासाला लवकर सरावतं, म्हणून दुसऱ्याला विचारायचं आणि दोन फवाऱ्यांच्या वर जायचं नाही. मी ऐकलं नाही, वास येत नाही म्हणून पुन्हा मारला, आणि घरात कुणी माझ्याशेजारी टीव्ही बघायला बसेना.

आता खरी गोष्ट. परवा लवंगेचा लॉट आला. मी नेहमीप्रमाणं वाटीभर पाण्यात मूठ टाकली. तेल काढून घेतलेली तरंगते, भरलेली बुडते, आण्णांपासूनची रीत. काही बुडल्या, काही तरंगल्या. सई पायऱ्या चढून आत आली, छत्री मिटता मिटता, वाटी बघायच्या आधी म्हणाली, "बाबा, यात दोन माल मिसळलेत. एक मेलेला आहे." दारातून! दगडफुलाचं पोतं उघडं होतं मर्दा, त्या वासातून. आण्णांना हे जमत नव्हतं. मला तर नाहीच नाही.

त्याच रात्री तिला विचारलं, तुझं काय मत, या बाटलीबद्दल? मी काही बोललो नव्हतो तोवर. म्हणाली, "वरचा भाग उत्तम बांधलाय. शेवटी गोड जास्त झालंय. मी असते तर तंबाखू निम्मी करून वाळ्याला पुढं आणलं असतं." सुऱ्या, माझ्या मनातलं वाक्य. फक्त मी ते तक्रार म्हणून धरून बसलो होतो, आणि तिच्याकडं त्याचा उपाय होता.

म्हणजे मी कात्रीत. चांगलं म्हटलं तर जाणार. वाईट म्हटलं तर म्हणणार, मग मी चांगलं करून दाखवते, आणि जाणार. कनौजची संस्था सरकारी आहे, १९९१ ची, त्यामुळे पैशाचं जमेल. तिथं अजून तांब्याच्या डेगेत, म्हणजे हंड्यात, फुलं चढवून भपक्यात, म्हणजे वाफ जमते त्या भांड्यात, चंदनाच्या तेलावर अत्तर उतरवतात. मातीचंसुद्धा काढतात, पहिल्या पावसाच्या वासाचं. इथवर मीही ऐकत बसतो. पण त्याच्या पुढं तिच्या वहीत फ्रान्समधल्या व्हर्सायच्या संस्थेचं नाव लिहिलंय, ते मी पाहिलं. तिला माहीत नाही मी पाहिलंय ते. ते पान उघडं ठेवलं होतं की राहिलं होतं, हेही मला ठरवता येत नाही.

दुकानाचं काय, हे मी तिला विचारलेलं नाही. दादाच्या पोरांना मिरची आणि लाल तिखट यातला फरक कळत नाही. मी एकदा वळसा घेऊन म्हणालो, की हा सेंट ज्यानं बांधला तो ऑलिव्हिए पोल्ज पुढं शनेलमध्ये बापाच्याच जागेवर बसला, बघ, तिकडंसुद्धा गादी चालवतात. तर लगेच, "बाबा, तो आधी कितीतरी वर्षं बाहेर दुसऱ्या कंपनीत काम करून मग तिथं गेला." मला हिच्यापुढं वळसा घेणं सोडलं पाहिजे.

आता तुझं. त्या महालक्ष्मीच्या रात्रीचं भांडण आपण वर्षभर ओढलं, मी तात्यांना गाडी कुठली ते सांगितलं म्हणून. मी आजही म्हणतो, सांगितलं ते बरोबर केलं. म्हातारा पावसात गुऱ्हाळं पालथी घालत फिरला असता. पण पुढचं तुला सांगितलं नव्हतं, कारण तात्यांनी तोंड बंद ठेवायला लावलं होतं. आता ते नाहीत, मग सांगतो. गाडी सुटायला अर्धा तास होता. मी म्हटलं, सायकलवर न्या मला, गाठू. ते अडतीत गुळाचे रवे मोजत होते. मोजणी थांबवली, विचारलं, "पैसं हाईत का त्याच्याकडं?" मी म्हटलं, आहेत थोडे. "मग राहू दे," म्हणाले, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले.

ते तुला तसं कधी बोलले नाहीत. तू पहिल्यांदा परत आलास तेव्हा तुझ्याशी महिनाभर गुळाच्या दरावरच बोलत होते. म्हणून मला तुझ्याकडून एकच कळायला पाहिजे: त्यांनी तोंडानं "जा" म्हटलं असतं तर तुला बरं गेलं असतं, की त्यांच्या रागावर चिडून तू तिथं टिकलास? खोटं मोठेपण करून लिहू नकोस. मी "जा" म्हणायला तयार आहे, जवळजवळ. पण सईला ते ऐकायचं आहे की माझ्याशी भांडून जायचं आहे, हे मला कळत नाही, आणि तुझ्याशिवाय दुसरा कोण सांगणार.

चिरंजीवांचं जमलं असं आत्याकडून कळलं. मुलगी साताऱ्याची म्हणे. छान. तारीख कळव, पण चटणीच्या सीझनमध्ये धरू नकोस. वहिनींना जिन्यानं चढू देऊ नकोस. तुझी बढती झाली की पुन्हा राहिली, ते लिहायला विसरू नकोस.

फोन करू नकोस. गल्ल्यावर सई असते आणि माझ्या चेहऱ्यावरून तिला सगळं वाचता येतं. पत्र दुकानाच्या पत्त्यावर टाक. तिची अर्जाची मुदत महिनाअखेर आहे, त्याच्या आधी पोचेल असं बघ.

कळावे, लोभ आहेच.

तुझा
बापू

ता. क. गणपतीत येशील तेव्हा बाटली दाखवीन, पण माझ्यासमोर लावायची. पाणी घालायला मिळणार नाही.