उड्डाणाचे खरे तास छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जानेवारीत मी आणि यजमान पुण्यातल्या एका टूर कंपनीबरोबर बँकॉक-सिंगापूर करून आलो. यजमानांना मधुमेह आहे. सकाळी इन्सुलिन घेतलं की त्यांचं दुपारचं जेवण लांबवून चालत नाही. म्हणून कंपनीच्या आयटिनररीवरून मी रोजच्या जेवणाच्या वेळा वहीत मांडून ठेवल्या होत्या. परतीची ओळ अशी होती : सिंगापूरहून प्रस्थान दु. 12.10, बँकॉक आगमन दु. 1.35, प्रवास 1 तास 25 मिनिटे.

दीड तासाचाच तर प्रश्न, उतरल्यावर जेवू, असं मी ठरवलं. दशम्यांचा डबा मोठ्या बॅगेत गेला. माझ्या मनगटावर सिंगापूरची वेळ होती. त्यात दोन वाजत आले तरी विमान खाली यायचं चिन्ह नाही. यजमानांच्या कपाळावर घाम आला, बोटं थरथरू लागली, पाण्याचा ग्लास हातात ठरेना. हवाई सुंदरीने धावत जाऊन संत्र्याचा रस आणला, म्हणून निभावलं. उतरलो तेव्हा माझ्या घड्याळात 2.35 झाले होते.

म्हणजे प्रवास 2 तास 25 मिनिटांचा होता. सिंगापूरचं घड्याळ बँकॉकच्या एक तास पुढे असतं. कंपनीने तो फरक न धरता नुसती वजाबाकी केली. जातानाच्या ओळीत त्याच चुकीने 3 तास 25 मिनिटे छापले होते.

मी एकतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. घरी आल्यावर पृथ्वीगोलावर दोरा धरून पाहिला. बारा इंची गोलावर बँकॉक ते सिंगापूर साडेतीन सेंटिमीटरही भरत नाही, म्हणजे जेमतेम 1,400 किलोमीटर. आपल्या पुणे-दिल्लीहून थोडंसं जास्त. दोन्ही शहरांच्या रेखांशांत तीन-सव्वातीन अंशांचाच फरक. अंशाला चार मिनिटं या हिशेबाने सूर्य दोन्हीकडे तेराएक मिनिटांच्या अंतराने माथ्यावर येतो. पण घड्याळ सूर्यावर चालत नाही, सरकारी निर्णयावर चालतं. 1 जानेवारी 1982 रोजी मलेशियाने द्वीपकल्पातली घड्याळं अर्धा तास पुढे केली आणि सिंगापूरनेही त्याच दिवशी केली. तिथे सकाळी सातच्या सुमारास उजाडतं, ते त्यामुळेच. भारतापेक्षा बँकॉक दीड तास पुढे आणि सिंगापूर अडीच तास.

टूर कंपन्यांना माझी कळकळीची विनंती आहे. प्रस्थान-आगमनापुढे ‘स्थानिक वेळ’ हे दोन शब्द घाला आणि प्रत्यक्ष प्रवासाचे तास वेगळे छापा. औषधाच्या वेळा सांभाळणारे माझ्यासारखे ज्येष्ठ प्रवासी त्या आकड्यावर विसंबतात. विमानतळाचं नावही लिहा, कारण बँकॉकला सुवर्णभूमी आणि डॉन मुआंग असे दोन आहेत आणि नुसतं ‘बँकॉक एअरपोर्ट’ म्हणून टॅक्सीत बसलेला माणूस शहराच्या भलत्याच टोकाला पोहोचू शकतो. आपल्या पर्यटन पुरवणीतही सहलींचे तक्ते येतात. छापण्याआधी ते कोणीतरी एकदा घड्याळं जुळवून तपासावेत.

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका,
कर्वेनगर, पुणे