जुन्या गिऱ्हाइकांचा विचार कुठे गेला?

संपादक महोदय,
नेटफ्लिक्सच्या अमेरिकेतल्या २०११ मधल्या दरवाढीवर लोक उगाच ओरडले, असं तुमच्या अंकात वाचलं, अजिबात पटलं नाही. तोपर्यंत महिन्याला ९.९९ डॉलरमध्ये एका वेळी एक डीव्हीडी घरपोच आणि शिवाय ऑनलाइन सिनेमे मिळायचे, मग दोन्हीचे वेगवेगळे ७.९९ म्हणजे १५.९८ झाले, जवळपास ६० टक्के वाढ आणि जास्तीचं काहीच नाही. नुसतं ऑनलाइन घ्या म्हणणं सोपं होतं, पण तेव्हा नवे सिनेमे बहुतेक डीव्हीडीवरच यायचे, आणि इंटरनेट रडतखडत चालायचं अशा गावांत पोस्टानं येणाऱ्या डीव्हीडीच्या त्या लाल पाकिटाचाच आधार असायचा. वर्षानुवर्षं पैसे भरणाऱ्यांनाही १ सप्टेंबर २०११ पासून हाच दर, निदान त्यांना तरी वर्षभर जुना दर ठेवायला हवा होता.

– एक वाचक, न्यू जर्सी