फर्ग्युसन ट्रॅक्टरच्या कार्बोरेटरबद्दल

ती. बाबा आणि ती. आईस,
साष्टांग नमस्कार.

फोनवर आवाज तुटत होता, म्हणून सगळं लिहूनच पाठवते. बाबा, पुढचं वाचण्याआधी आजोबांच्या फर्ग्युसनच्या टाकीखालचा कॉक बंद करून या. मग निवांत बसून वाचा.

आई म्हणाली, रात्रभर पेट्रोलचा वास येतो आणि सकाळी ट्रॅक्टरखालची माती ओली दिसते. ट्रॅक्टरपेक्षा मला त्याचीच धास्ती आहे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरत जाते, आणि शेडच्या भिंतीला लागूनच तुझी पाणी तापवायची चूल आहे. आई, हे काम होईस्तोवर पाणी घरात गॅसवरच तापव. शेडकडं कोणी बिडी पेटवून आला तर सरळ बाहेर काढ, पाहुणा असला तरी. तुझा शब्द कोणी मोडत नाही.

आता बिघाडाचं. बाबा, इंजिन बंद असतानाही टपटप चालू असते असं तुम्ही म्हणालात, त्यावरून बरंच कळतं. नुसतं चालू करताना गळलं असतं तर चोक जास्त ओढला गेला, किंवा चोकची पट्टी अडकली, असं म्हणता आलं असतं. उभ्या ट्रॅक्टरला गळतंय म्हणजे पेट्रोल अडवणारी सुई नीट बसत नाही, नाहीतर फ्लोटमध्ये, म्हणजे वाटीतल्या पेट्रोलवर तरंगणाऱ्या पोकळ डबीत, पेट्रोल शिरलंय. आपल्या ट्रॅक्टरला पेट्रोलचा पंप नाही. टाकी वर, हवेत पेट्रोल मिसळणारा कार्बोरेटर खाली, पेट्रोल आपल्याआप उतरतं, आणि त्याला अडवते ती फक्त फ्लोटवरची सुई. तिच्या बुडाशी गंजाचा एक कण अडकला तरी सगळी टाकी रिकामी होईल. हा कार्बोरेटर हवा खालून वर ओढणारा आहे, म्हणून जास्तीचं पेट्रोल हवेच्या नळीतून खाली सांडतं. मिस्त्री ‘कार्बोरेटर फुटला, नवा टाका’ म्हणाला ते यामुळेच असेल. मला तसं वाटत नाही. नव्याच्या नादी लागू नका.

पहिल्यांदा पेचकसाच्या मुठीनं फ्लोटच्या वाटीवर हलकेच टकटक करा आणि कॉक थोडा उघडून पाहा. गळणं थांबलं तर कचराच होता. तरीही कॉकखालची काचेची वाटी आणि जाळी धुऊन घ्या, कारण टाकीत गंज असला तर आज निघालेला कण उद्या परत येणार. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ते पाणी धरतं, आणि आपला ट्रॅक्टर तर एका वखरपाळीपासून दुसरीपर्यंत नुसता उभा असतो. टाकी भरून ठेवायची सवय सोडा, लागेल तेवढंच आणा.

गळणं थांबलं नाही तर कार्बोरेटर उतरवा. कॉक बंद, बॅटरीची वायर काढलेली, आणि काम शेडमध्ये नाही, अंगणात उजेडी. फ्लोट कानाशी धरून हलवा. आत खळखळलं तर त्याला भोक आहे. गरम पाण्यात बुडवला की जिथून बुडबुडे येतील तिथं ते सापडेल. मात्र आत पेट्रोल असताना भोक बुजवायला कोणालाही डाग देऊ देऊ नका, तो भडकून फुटतो. फ्लोट कोरडा असेल तर सुईचं टोक उन्हात धरून, नख फिरवून पाहा. गोल खाच लागली तर सुई झिजली. सुई आणि तिची बैठक जोडीनंच बदलायची. बैठकीखालचा वायसर जेवढ्या जाडीचा निघेल तेवढ्याच जाडीचा परत टाका. तिथं पातळ-जाड झालं की वाटीतली पेट्रोलची पातळी बदलते, आणि नवी सुई टाकूनही गळत राहतं.

शेजारचे काका भंगारात द्या म्हणतात, त्यांचं मनावर घेऊ नका. हे ट्रॅक्टर इंग्लंडात कॉव्हेंट्रीला १९४६ ते १९५६ एवढीच वर्षं बनले, आणि अजून जगभर लोक ते चालवतात, त्यामुळे सुटे भाग मिळतात. संत्र्याच्या दोन ओळींतून एकही फांदी न मोडता जाणारा दुसरा ट्रॅक्टर आपल्याकडं कुठं आहे? मृगाला अजून वेळ आहे, घाई करू नका. सुईचा जवळून फोटो पाठवा. अमरावतीत मिळाली नाही तर मी इथून पाठवते.

चालू करण्याआधी डिपस्टिक काढून तेलाचा वास घ्या. पेट्रोलचा वास आला किंवा तेल पातळ लागलं तर आधी तेल बदला, त्या तेलावर इंजिन फिरवू नका. प्लगही काढून पुसा, काळे आणि ओले झाले असतील. आणि बाबा, खांदा दुखत असताना हँडल मारायचं नाही. झटका उलटा आला तर मनगट जाईल. बॅटरी चार्ज करून आणा आणि गिअरचा दांडा ‘एस’वर, म्हणजे स्टार्टच्या खुणेवर, नेऊनच चालू करा.

तुमची,
ताई