गणिताला वयाची अट कशाला?

मा. संपादक,

स.न.वि.वि.

गणिताची प्रतिभा खरी असेल तर ती लहानपणीच चमकते, असं ठामपणे सांगणाऱ्यांकडे दोन गणितींची नावं तयार असतात: गाल्वा आणि आबेल. गाल्वा १८३२ मध्ये द्वंद्वयुद्धात विसाव्या वर्षी गेला. आबेल १८२९ मध्ये क्षयाने, सव्विसाव्या वर्षी. मग त्यांचं काम तरुणपणीचं असणार नाही तर कधीचं? या उदाहरणांनी हळहळ वाटते, सिद्ध काहीच होत नाही.

गणितातल्या सर्वोच्च सन्मानांपैकी एक असलेल्या फील्ड्स पदकानेही हा समज पोसला आहे. पुढच्या कामाला उत्तेजन मिळावं म्हणून ते चाळिशीच्या आतल्यांनाच देतात. पण विजेत्यांची यादी वाचणाऱ्याला वाटतं की चाळिशीनंतर गणितच सुचत नाही. शतकानुशतकं न सुटलेल्या फर्माच्या शेवटच्या प्रमेयाच्या स्वतःच्या सिद्धतेतली चूक अँड्र्यू वाइल्स यांनी १९९४ मध्ये दुरुस्त केली, तेव्हा ते ४१ वर्षांचे होते. रॉजे आपेरी यांचं तर मला विशेष कौतुक वाटतं. १ + १/८ + १/२७ अशी घनांच्या व्यस्तांची अनंत बेरीज अपरिमेय आहे, म्हणजे दोन पूर्णांकांच्या अपूर्णांकात ती मांडता येत नाही, हे त्यांनी १९७८ मध्ये, साठी उलटल्यावर सिद्ध केलं. ऐकणाऱ्यांपैकी अनेकांचा आधी विश्वासच बसला नाही!

यावर कुणी म्हणेल, ही मंडळी गणितात मुरलेलीच होती. मान्य. मूळ संख्यांमधल्या अंतरांवरच्या २०१३ मधल्या शोधामुळे पन्नाशीनंतर नाव झालेल्या यीतांग झांग यांच्याकडेही पीएचडी होतीच. उशिरा यश मिळणं वेगळं, उशिरा सुरुवात करणं वेगळं. पण जून हू? कवी व्हायचं म्हणून त्यांनी शाळा सोडली, गणिताकडे ते खऱ्या अर्थाने वळले विद्यापीठातल्या शेवटच्या काळात, आणि २०२२ मध्ये फील्ड्स पदक घेतलं.

खरी गोम वेगातच आहे. घड्याळ लावून घेतलेल्या परीक्षेत चटकन उत्तर देणारं मूल आपल्याला दिसतं. एकाच प्रश्नाशी आठवडाभर झटणारं मूल 'मंद' ठरतं. फ्रेंच गणिती लोराँ श्वार्त्झ स्वतःला असेच संथ समजत. त्यांनाही १९५० मध्ये फील्ड्स पदक मिळालं.

वृत्तपत्रांतून 'बालगणिती' कौतुकाने झळकतात. ती मुलं पंधरा-वीस वर्षांनी काय करत आहेत, याचीही बातमी कधी तरी यावी, एवढी विनंती.

– एक निवृत्त गणित शिक्षिका