सायकलचा पिक्चर आणि आंबोलीचा धबधबा
संपादक साहेब,
मुलांच्या पिक्चरबद्दल तुमच्याकडे कधीतरीच छापून येतं म्हणून लिहितेय. शनिवारी घरी 'एलिझाबेथ एकादशी' लावला, २०१४ चा, परेश मोकाशींचा, पंढरपूरची पोरं आपली 'एलिझाबेथ' नावाची सायकल विकावी लागू नये नि आईचं स्वेटरचं मशीन सोडवता यावं म्हणून एकादशीच्या गर्दीत बांगड्या विकतात, सासूबाई आणि पोरगी दोघी एकाच वेळी हसल्या, असं क्वचितच होतं हो. 'नाळ' पण छान, फक्त शेवटी पोरगी रडून रडून झोपली.
रविवारी आंबोली. धबधबा अगदी रोडलाच, पायऱ्या चढलं की डायरेक्ट पाण्याखाली! पण पायरीपायरीवर कणसाची बुरकुंडं नि चिप्सची पाकिटं, आणि बायकांनी ओले कपडे बदलायचे कुठे, तर गाडीच्या दाराआड टॉवेल धरून.
– एक वाचक, कोल्हापूर