कोल्हापूरच्या उजळाईवाडी विमानतळावरच्या काउंटरवरच्या ताईंना आभार पत्र

ताई,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

कोल्हापूरहून हैदराबाद-बेंगळुरूला नेहमी जाणारे आणि म्हाताऱ्या आई-वडिलांना एकटं पाठवणारे आम्ही काही जण मिळून हे पत्र लिहितोय. तुमचं नाव मुद्दाम घातलेलं नाही, कंपनीचंही नाही. नांदेड, जळगाव, चिपी अशा ठिकाणी तुमच्यासारखंच काम करणाऱ्यांनीही हे आपल्यालाच लिहिलंय असं समजावं.

१९३९ सालच्या या विमानतळाला २०२४ मध्ये नवं टर्मिनल मिळालं. इमारत देखणी झाली, पण विमानाच्या वेळेला हजर असणारी माणसं मोजकीच. बॅगेला टॅग लावणारे तुम्हीच, थोड्या वेळाने गेटवर बोर्डिंग पास तपासणारे तुम्हीच, आणि विमानाच्या शिडीपाशीही तुमच्यातलंच कोणीतरी. काउंटर ६० मिनिटं आधी बंद का होतं, याचं निम्मं उत्तर इथेच आहे. उरलेलं निम्मं वजनात आहे. किती माणसं, किती बॅगा, कुठल्या कप्प्यात किती भार, याचा हिशेब कॅप्टनच्या हाती जावा लागतो आणि काउंटर उघडं असेपर्यंत तो पक्का होत नाही. शहरापासून विमानतळ जेमतेम नऊ किलोमीटर, त्यामुळे ‘वीस मिनिटांत पोचतो की’ म्हणून लोक निघतात आणि हायवेवर अडकतात. मग तुमच्याशी वाद. ५५ मिनिटं उरलेल्या माणसाला तुम्ही आवाज न चढवता कारण सांगता, याचं आम्हाला खरंच कौतुक वाटतं. त्यातून सुटला तरी गेट २५ मिनिटं आधी बंद होतं, हेही तुम्ही बोर्डिंग पासवर पेनाने गोल करून दाखवता.

सगळ्यात मोठे आभार मात्र बॅग एक्स-रेला जाण्याआधी विचारलेल्या त्या प्रश्नांबद्दल. ‘पॉवर बँक आहे का? लायटर? कापूर? खोबरं?’ बॅग तपासून तिला पट्टी लागली की ती उघडणं म्हणजे पुन्हा तपासणी, पुन्हा रांग. पॉवर बँक केबिनच्याच बॅगेत हवी, कारण लिथियमची बॅटरी तापून पेटली तर केबिनमध्ये कुणाच्या तरी लक्षात येतं, सामानाच्या कप्प्यात येत नाही. मर्यादा १०० वॅट-अवर, म्हणजे साधारण २७,००० एमएएचपर्यंत. नेहमीची २०,००० वाली निर्धास्त जाते. आकडा पुसला गेला असेल तर सुरक्षावाले अडवू शकतात, म्हणून तोही वाचता आला पाहिजे.

अंबाबाईचं दर्शन करून थेट विमानतळावर येणाऱ्यांची पिशवी तर तुम्ही न उघडताच ओळखता. कापूर आणि काडेपेटी कुठल्याच बॅगेत चालत नाही. सुकं खोबरं चेक-इनच्या, म्हणजे काउंटरवर द्यायच्या बॅगेत बंद, कारण त्यातलं तेल आपोआप तापून पेट घेऊ शकतं. आणि अख्खा नारळ केबिनमध्ये नेऊ देत नाहीत. शबरीमलाच्या यात्रेकरूंना हंगामापुरती सूट मिळाली होती, आपल्याला नाही. नारळ देवळाबाहेरच फोडून खाऊन टाकावा, हा तुमचा सल्ला सगळ्यात शहाणा.

कांदा-लसूण मसाल्याचंही तसंच. मिरचीपूड केबिनमध्ये चालत नाही, म्हणून मसाला चेक-इनच्या बॅगेत. दुहेरी पिशवी, वरून डबा, डब्याच्या झाकणाला चिकटपट्टी. नाहीतर बेंगळुरूला उतरेपर्यंत साड्यांना फोडणी बसलेली असते. गूळ चालतो, पण एक्स-रेवर तो दाट ठोकळ्यासारखा दिसतो आणि त्याच्यामागचं काही नीट दिसत नाही. म्हणून तो बॅगेच्या तळाशी न कोंबता वरच्या बाजूला ठेवा, उघडायला लागलीच तर सगळी बॅग उपसावी लागत नाही. १५ किलोच्या मर्यादेत पाच किलो गूळ बसवायचा तर बाकीचं सामान घरीच कमी करावं लागतं. काउंटरवर जादा किलोचे पैसे भरण्यापेक्षा आधी ऑनलाइन भरलेले स्वस्त पडतात, हे तुम्ही प्रत्येकाला सांगता. खरं तर कंपनीच्या तोट्याचंच म्हणायचं.

एटीआर, म्हणजे पंख्यांचं छोटं विमान असलं की आणखी दोन गोष्टी. त्यातले डोक्यावरचे कप्पे लहान, मोठ्या विमानात सहज बसणारी ट्रॉली तिथे अडते आणि शिडीपाशी तुम्ही ती टॅग लावून ठेवून घेता. त्याआधी ‘औषधं, चष्मा, कागदपत्रं, पॉवर बँक काढून घ्या’ म्हणून हाक देता, ती लाखमोलाची. दुसरी गोष्ट सीट बदलण्याची. विमान अर्धं रिकामं असलं की काही जणांना पुढून मागे किंवा मागून पुढे बसवावं लागतं, आणि खिडकीचे पैसे भरलेला माणूस तणतणतो. ‘विमानाचा तोल सांभाळायचाय’ एवढ्या एका वाक्यात तुम्ही ते मिटवता.

उशिराबद्दल तुम्ही खरं सांगता, याचेही आभार. हैदराबादहून येणारं विमानच परत जाणार असतं. ते तिथून निघालंय का, हे पाहिलं की बोर्डावरच्या वेळेपेक्षा जास्त कळतं. पावसाळ्यात ढग खाली आले आणि धावपट्टी दिसेना, की विमान घिरट्या घालून दुसरीकडे जातं. त्यात लहान विमानतळ ठरलेल्या तासांपुरताच चालू असतो, म्हणून दोन तासांचा उशीर कधीकधी थेट रद्द होण्यावर जातो. आपल्या छोट्या फ्लाइटना दोन तासांवर उशीर झाला तर खाणंपिणं मिळतं आणि सहा तासांवर गेला तर दुसरी फ्लाइट किंवा पूर्ण परतावा मागता येतो, हे लोकांनी विचारायच्या आत तुम्ही सांगता. हवामानामुळे रद्द झालं तर रोख भरपाई मिळत नाही, हेही लपवत नाही.

व्हीलचेअरसाठी ४८ तास आधी कळवायला हवं, तिचे पैसे लागत नाहीत. तरी आयत्या वेळी आलेल्या आजींसाठी तुम्ही खुर्ची शोधून आणता. आमची एवढीच विनंती, की तिकीट काढून देणाऱ्या मुलांनी ती नोंद तिकिटावरच करावी. पत्र वाचणाऱ्यांपैकी निम्मे तेच असतील.

तुमच्या वरिष्ठांनाही आम्ही वेगळं पत्र पाठवलंय. त्यात एकच मागणी आहे: एक्स-रेच्या आधी पॉवर बँक, कापूर, खोबरं यांचा मराठी-कन्नड फलक मोठ्या अक्षरात लावा, म्हणजे ताईंचा घसा वाचेल.

कळावे,
आपले,
सकाळच्या फ्लाइटचे नेहमीचे प्रवासी आणि त्यांना सोडायला येणारे