वाटीभर बर्फात मीठ घालणाऱ्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

त्या दिवशी आमचा फ्रिज दुरुस्त करून घाईत निघालात आणि आभार मानायचे राहून गेले. आज तीन आठवडे झाले. अकोल्यातला मे महिना, बाहेर 44 अंश, आणि फ्रिजच्या मधल्या कप्प्यात पाण्याच्या ग्लासात बुडवून ठेवलेला थर्मामीटर रोज सकाळी 4 अंश दाखवतो. तो पाहिला की तुम्ही आठवता. पत्र सगळ्यांसमोर लिहितो आहे, कारण हाच बिघाड आज कितीतरी घरांत असेल आणि तिथेही कुणीतरी "गॅस गेला" असं सांगत असेल.

तुमच्याआधी आमच्याकडे दोघे कारागीर येऊन गेले होते. वर फ्रीझरमध्ये आइस्क्रीम दगडासारखं आणि खाली दूध संध्याकाळपर्यंत नासलेलं, हे दोघांनाही सांगितलं होतं. पहिल्याने रात्रभर फ्रिज बंद ठेवायला लावला, सकाळी थर्मोस्टॅट बदलला, पैसे घेतले. नऊ दिवस छान चाललं, दहाव्या दिवशी पुन्हा तेच. दुसऱ्याने मागचा कॉम्प्रेसर हाताने चाचपला आणि गॅस संपलाय, कॉम्प्रेसरही दमलाय म्हणत 7,800 रुपये सांगितले. फ्रीझरचं आतलं झाकण दोघांपैकी एकानेही उघडलं नाही. चूक कुणाचीही होते, तिचा राग नाही. न बघता निदान केलं, याचा राग अजून जात नाही. फ्रिजचा गॅस काही स्वयंपाकाच्या सिलिंडरसारखा वापरून संपत नाही. बंद नळ्यांत तोच तो फिरत राहतो. कमी झालाच तर कुठेतरी गळती असते. ती शोधून बुजवायची, फिल्टर बदलायचा, नळ्यांतली हवा पंपाने पूर्ण ओढून घ्यायची आणि मागच्या पट्टीवर लिहिलेत तितकेच ग्रॅम वजन करून भरायचे. यातलं काही न बोलता जो नुसतं "भरून देतो" म्हणतो, त्याला नाही म्हणावं.

तुम्ही पेटी उघडायच्या आधी एकच प्रश्न विचारलात, "मधे किती दिवस नीट चालला?" नऊ दिवस म्हटल्यावर लगेच फ्रीझर रिकामा करायला सांगितलात. त्या नऊ दिवसांतच सगळं होतं. थर्मोस्टॅटने काहीच केलं नव्हतं. रात्रभर बंद राहिल्याने आतला बर्फ वितळला होता, एवढंच. पुन्हा साचायला नऊ दिवस लागले. चुकीचा इलाज बरोबर वाटतो तो असा.

प्लग काढून, दोन स्क्रू सोडवून तुम्ही झाकण हलवलंत तर ते बर्फाने धरून ठेवलेलं. तुम्ही ओढलं नाहीत. हेअर ड्रायर लांबून फिरवत सोडवलंत. मागे कॉइल, म्हणजे गारवा देणारी नळ्यांची वेटोळी, दिसतच नव्हती, वरपासून खालपर्यंत पांढरी भिंत. गॅस कमी असता तर सुरुवातीच्या दोन-तीन वेटोळ्यांवरच हिम दिसलं असतं, बाकीची कोरडी. इथे सगळी सारखीच गाडलेली, म्हणजे गॅस पुरेसा आहे आणि बर्फ वितळवणारी यंत्रणा बंद आहे. फ्रॉस्ट फ्री, म्हणजे बर्फ आपोआप वितळवणाऱ्या, बहुतेक फ्रिजच्या खालच्या कप्प्याला स्वतःची कॉइल नसते. वरच्या कॉइलमधून पंखा जी थंड हवा ओढतो, तीच झरोक्यातून खाली येते. वाट बर्फाने बुजली की वर गारठा राहतो आणि खाली काही पोचत नाही.

मग टायमर. कॉम्प्रेसर काही तास चालला की तो त्याला थांबवतो आणि हीटरकडे वीज देतो. तुम्ही स्क्रूड्रायव्हरने तो 'टक' होईपर्यंत फिरवलात, कॉम्प्रेसर थांबला, पण हीटर थंडच. म्हणजे टायमर कॉम्प्रेसर तरी थांबवत होता. पुन्हा प्लग काढून मीटर लावलंत. हीटर 270 ओहम, चांगला. जास्त तापल्यावर वीज तोडणारा थर्मल फ्यूज शाबूत. उरला बायमेटल. ही बोटाच्या पेराएवढी चकती कॉइल गारठली की जोडली जाते आणि बर्फ वितळला की सुटते. एवढ्या थंडीतही ती सुटलेलीच होती. तुमचं निदान तिथेच झालं होतं, दादा.

पण तुम्ही स्वयंपाकघरात आलात आणि आईकडे स्टीलची वाटी आणि मीठ मागितलंत. कॉइलवरून सुटलेला बर्फ कुटून वाटीत टाकलात, तीन भाग बर्फ, एक भाग मीठ. आईला समजावलंत, "नुसता बर्फ शून्यावर थांबतो काकू, मीठ पडलं की पारा बराच खाली जातो." जुना बायमेटल प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून त्यात बुडवलात आणि मीटरच्या दोन्ही पिना आईच्या हातात दिल्यात. दहा मिनिटं काहीच नाही. मग नवा बुडवलात. थोड्याच वेळात बारीकसा 'टक', आणि मीटर वाजला, म्हणजे चकती जोडली गेली. आई हसली. दोघांनी ज्या घराला काही कळत नाही असं गृहीत धरलं, त्या घरातल्या सत्तरीच्या बाईला तुम्ही पुरावा हातात दिलात. तुम्हाला त्याची गरज नव्हती. ती दहा मिनिटं तुम्ही आमच्यासाठी घालवलीत. मला सगळ्यात जास्त लक्षात राहिलंय ते हेच. आपल्याकडे चांगले कारागीर पुष्कळ आहेत, पण समोरच्याला शहाणं समजून काम करणारा भेटला की घर हलकं होतं.

बाकीचं कामही तसंच नेटकं. उरलेला बर्फ कोमट पाण्याने उतरवलात, चाकू लावू दिला नाहीत; ॲल्युमिनियमच्या नळीला टोचलं तर गॅस खरोखरच जाईल म्हणालात. खालच्या निचऱ्याच्या भोकात बर्फाची गुठळी अडकली होती, तिथे सिरिंजने गरम पाणी सोडत राहिलात, मागच्या ट्रेमध्ये थेंब पडल्याचा आवाज येईपर्यंत. ते भोक तसंच राहिलं असतं तर वितळलेलं पाणी तिथेच पुन्हा गोठलं असतं. नवा बायमेटल जुन्याच जागी बसवलात, तारांच्या सांध्यांवर ओल जाणार नाही अशी नळी चढवलीत. एकूण 750 रुपये.

तुम्ही सांगितलंत ते सगळं पाळतो आहोत. पहिले 24 तास काही भरलं नाही. झरोक्यासमोर भांडं ठेवत नाही. दाराच्या रबरात कागद धरून चारही बाजूंनी ओढून पाहिला, खालच्या कोपऱ्यात सैल होता. रबर गरम पाण्याच्या फडक्याने पुसून सरळ केलं, आता धरतो. थर्मामीटर हवेत न ठेवता पाण्यात ठेवतो, म्हणजे दार उघडल्याने आकडा उड्या मारत नाही.

दहावा दिवस आला तेव्हा आई सकाळी उठून आधी फ्रिजपाशी गेली. पारा चारवरच होता. त्या दिवशी तिने श्रीखंडासाठी चक्का टांगला. तुमच्यासाठी डबा काढून ठेवलाय, या बाजूला आलात की घेऊन जा.

तुमचे ऋणी,
अकोल्यातलं एक घर